टाकीत काहीच नव्हतं

काटेसाहेब गच्चीवर गेले ते पाण्याची टाकी भरली का हे बघायला, आणि खाली आले ते कलावंत होऊन. मधल्या वेळात काय घडलं ते त्यांनी बायकोला सांगायचा फार प्रयत्न केला. पण ती वॉशिंग मशीनच्या झाकणावर बसली होती. त्यांच्या घरचं मशीन पिळायला लागलं की चालत सुटतं, म्हणून त्यावर कोणीतरी बसावं लागतं.

"भरली का टाकी?"

"अगं, ते मी बघितलंच नाही!"

"मग इतका वेळ काय बघत होतात?"

"पाणी!"

बायकोने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि रक्तदाबाची गोळी घेतली का म्हणून विचारलं.

काटेसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. कारखान्याच्या फाटकाशी ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा असतो ना, त्याच्या केबिनमध्ये यांचा जन्म गेला, म्हणून ते काटेसाहेब. ट्रक काट्यावर चढला की यांनी खिडकीतून डोकं काढून ओरडायचं, "इंजिन बंद! ड्रायव्हर खाली! कोणी हलायचं नाही!" मग पडद्यावरचा आकडा थरथरत, मागेपुढे होत शेवटी एका जागी थांबतो. तो थांबला की पावती फाडायची आणि पुढचा ट्रक घ्यायचा. असा हा दिवसभर दुसऱ्यांना गप्प उभं करणारा माणूस. स्वतः मात्र खुर्चीत बसला की त्याचा उजवा पाय असा हलायचा, की टेबलावरच्या कपातला चहा बशीत उतरायचा. डॉक्टर म्हणाले, एखादा छंद लावून घ्या, नाहीतर मी गोळ्या वाढवतो. म्हणून रविवारचा चित्रकलेचा वर्ग.

वर्गाच्या बाई कमी बोलायच्या, आणि हे लोकांना फार लागतं. "आधी बसा," त्या म्हणायच्या. "वस्तूकडे बघत राहा. वस्तू थांबलेलीच असते. हलत असता ते तुम्ही." काटेसाहेबांनी काढलेली सुरई पाहून त्या म्हणाल्या, "ही कुठे निघालीय?" सगळा वर्ग हसला. ज्यांच्या स्वतःच्या चित्रातली सफरचंदं बटाट्यांसारखी दिसत होती तेही हसले. पुढच्या रविवारी वर्गाचं प्रदर्शन होतं. प्रत्येकाच्या चित्रासाठी भिंतीवर एक खिळा ठोकून झाला होता. बाई म्हणाल्या, "तुमचा खिळा ठेवते. एक तरी थांबलेली गोष्ट घेऊन या. नाही जमलं तर खिळा काढून टाकू, त्यात काही नाही."

त्यात काही नाही! माणसाचा अपमान करून वर त्यात काही नाही म्हणायचं, हे शिकलेल्या लोकांनाच जमतं. काटेसाहेब चिडले. रिकामा खिळा त्यांना जेवताना दिसायला लागला, आंघोळीत दिसायला लागला. आयुष्यभर आपण ओरडून ओरडून लोकांना थांबवलं, आणि आपल्याला एक सुरई थांबवता येत नाही?

घरात प्रयत्न करून झाले होते. फुलदाणी मांडावी तर बायको तिच्याखालचा रुमाल धुवायला काढायची. खुर्ची मांडावी तर तिच्यावर कोणीतरी येऊन बसायचं. "या घरात एकच गोष्ट जागची हलत नाही," बायको म्हणाली, "तुमचा पगार. त्याचं काढा चित्र."

आणि अशात ही टाकी! सिमेंटची, गुडघ्याइतकी उंच, खोलीएवढी रुंद. वर दारासारखं लोखंडी झाकण. ते उचललं, आणि आत आकाश पडलेलं. एक सुरकुती नाही, एक थरथर नाही. काट्यावरचा आकडा थांबतो तसं ते पाणी थांबलं होतं, फक्त पावती फाडायची नव्हती आणि मागे ट्रक नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे, काटेसाहेबांचं लक्ष आपल्या उजव्या पायाकडे गेलं. तो हलत नव्हता! त्यांना इतका आनंद झाला की ते जिन्याच्या दोन दोन पायऱ्या टाकत खाली आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे कागद, रंग, ब्रश घेऊन स्वारी वर. कडेकडेने टाकीची भिंत आली, शेवाळाची हिरवी रेघ आली, गंजलेली कडी आली. हात कसा सुरेख चालत होता! आता मधलं पाणी काढायचं, म्हणून ते बघत बसले, आणि नेमकी तेव्हाच खाली मोटर सुरू झाली. नळातून पाण्याची धार आत कोसळली आणि आकाशाचे तुकडे झाले.

टाकीची रचना सोपी असते. नळाच्या दांडीला प्लास्टिकचा गोळा असतो. पाणी चढलं की गोळा तरंगत वर येतो आणि नळ बंद होतो. काटेसाहेबांचं डोकं यंत्रात तयार झालेलं. त्यांनी विचार केला, गोळा आपणच वर बांधून ठेवला तर? नळाला वाटेल टाकी भरली. आपलं पाणी शांत. चित्र झालं की सोडून टाकू. कोणाचं काय बिघडतंय? बांधायला दोरी हवी. आजूबाजूला दोरी नव्हती. होती ती एकच, आणि ती पायजम्यात होती.

कलेसाठी लोकांनी घरदार सोडल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. काटेसाहेबांनी नाडी सोडली. एका हाताने पायजमा धरून दुसऱ्या हाताने रंगवण्यात जी मजा आहे ती ज्याने केलंय त्यालाच कळेल. पाणी पुन्हा थांबलं. ते बघत राहिले. बघता बघता ड्यूटीची वेळ झाली, ते दचकून उठले, चित्र काखेत मारलं, झाकण लावलं आणि पायजमा सावरत खाली पळाले. गोळा सोडायचा राहिला तो राहिलाच.

जिन्यात सेक्रेटरी भेटले.

ज्याला घरात कोणी विचारत नाही तो सोसायटीचा सेक्रेटरी होतो, हा नियम सगळीकडे आहे. हे सेक्रेटरी तर पहाटेही कडक इस्त्रीच्या शर्टात असायचे. पत्नी गेल्यापासून एकटेच राहत आणि सगळ्या इमारतीवर सूचना चिकटवत. काटेसाहेबांशी त्यांचं बोलणं स्कूटर लावायच्या जागेवरून बंद झालं होतं, ते सूचनांमधूनच चालायचं. त्यांनी काटेसाहेबांच्या पायजम्याकडे पाहिलं, वर गच्चीच्या दिशेने पाहिलं, आणि काहीही न बोलता आपल्या घरात शिरून दार लावून घेतलं. न बोलण्याची ही पद्धत त्यांनी नक्की घरी बसवून घेतली असणार.

पुढे जे झालं त्याला काटेसाहेब जबाबदार नव्हते असं त्यांची बायकोसुद्धा म्हणणार नाही. मोटर पाणी वर ढकलत राहिली. वरचा नळ बंद. पाण्याला जायला जागा नाही. ते पाइपात फुगत गेलं, फुगत गेलं, आणि जिथे जोड कच्चा होता तिथे फुटून बाहेर आलं. जोड होता पहिल्या मजल्यावर, सेक्रेटरींच्या दाराशेजारी. जिन्याचा धबधबा झाला. सेक्रेटरींचं पायपुसणं तरंगत फाटकापर्यंत गेलं आणि त्यांच्या दिवाणाखालच्या सोसायटीच्या फायली भिजून लापशी झाल्या. इतक्या वर्षांची भांडणं एका सकाळीत धुऊन निघाली. खरं तर लोकांनी आभार मानायला हवे होते.

संध्याकाळी काटेसाहेब कामावरून आले तेव्हा सगळी इमारत अंगणात उभी होती आणि कोणाच्याही नळाला पाणी नव्हतं. मध्यभागी चौथ्या मजल्यावरच्या मावशी. मावशी म्हणजे पाण्यासाठीच जन्मलेली बाई. "पाणी नाही म्हणजे काय? पाणी नाही म्हणजे काय?" एवढंच त्या विचारत होत्या, पण दर वेळी वेगळ्या माणसाला.

"पाइप फुटला, मावशी," कोणीतरी म्हणालं.

"पाइप आज फुटला. याची अक्कल कधीची फुटलीय!" हे सेक्रेटरींना, पण त्यांच्याकडे न बघता. या दोघांचंही बोलणं बंद. ही इमारत उभी कशी होती हेच नवल.

तेवढ्यात प्लंबर गच्चीवरून खाली आला. त्याच्या पान्याच्या टोकाला एक ओली पांढरी नाडी लोंबत होती.

"ही टाकीत होती. गोळा बांधून ठेवला होता कोणीतरी. गाठ पण कसली मारलीय, ट्रकच्या ताडपत्रीला मारतात तशी!"

काटेसाहेब आकाशाकडे बघायला लागले. तेवढ्यात त्यांच्या बायकोने पुढे होऊन नाडी हातात घेतली, टोकाची निळी टीप पाहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो, ही तुमची!"

बायकांच्या खरं बोलण्याचे प्रसंग ठरलेले असतात.

"साहेब," सेक्रेटरी कित्येक वर्षांनी थेट बोलले, "टाकीत नाडी का?"

"पाणी थांबवायला."

"का?"

"बघायला!"

हे उत्तर कोणालाच पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच. समितीची बैठक भरली. गच्चीला कुलूप लागलं. काटेसाहेबांच्या मानगुटीवर फुटलेला जोड, भिजलेल्या फायली आणि पायपुसणं बसलं. पण त्यांना ते कशाचंच काही वाटेना. चित्राच्या कडा झाल्या होत्या, मधला भाग पांढरा फट होता, आणि रविवार तोंडावर आला होता.

त्यांनी घरी बादली भरून ठेवली. मशीन पिळायला लागलं, बादलीत लाटा. केबिनमध्ये परात भरून ठेवली. ट्रक आला, परातीत तुफान. एका ड्रायव्हरने त्यात हात धुतले आणि वर विचारलं, "साबण नाही ठेवला?" शेवटी मान खाली घालून ते सेक्रेटरींच्या दारात गेले. गच्चीवर जायचं तर अर्ज लागतो. अर्जात कारणं छापलेली: कपडे वाळवणे, अँटेना, गळती, इतर. काटेसाहेबांनी 'इतर'पुढे लिहिलं, पाणी बघणे.

"बघून काय करणार?" सेक्रेटरींनी विचारलं.

"काही नाही. बघणार."

"काही करणारच नसाल तर परवानगी कशाची देऊ? काहीतरी करा, मी देतो."

"चित्र काढणार आहे."

"ते घरी बसून काढा. पाणी कसं दिसतं ते माहीत नाही का तुम्हाला?"

"नाही!" काटेसाहेब ओरडले. "तुम्हाला माहितेय? रोज पिता, अंगावर घेता, त्यावरून भांडता. एकदा तरी बघितलंय?"

सेक्रेटरींनी अर्जावर 'नामंजूर' असं लिहिलं. पण लिहिताना त्यांचा हात जरा रेंगाळला, हे काटेसाहेबांच्या नजरेतून सुटलं नाही. आकडा थांबतोय की नाही हे बघण्यातच त्यांची नजर घडली होती.

इकडे मावशींनी वेगळीच आघाडी उघडली होती. त्यांचं म्हणणं असं, की शहाणा माणूस उगाच तासन्‌तास टाकीत बघत नाही. म्हणजे आत काहीतरी आहे. दुपारपर्यंत ते मेलेलं कबूतर झालं, चार वाजता साप झाला, आणि दिवेलागणीला तळमजल्यावरच्यांनी हळूच विचारलं, परवापासून तो गॅसवाला दिसला नाही, नाही का? शनिवारी सकाळी इमारतीतलं एकही माणूस ते पाणी तोंडात घेईना. बाटल्या विकत आणून लोक दात घासायला लागले. गॅसवाला येऊन सिलेंडर देऊन गेला, तरी संशय मिटेना. "तो नाही तर दुसरा कोणी असेल," मावशी म्हणाल्या.

शेवटी त्या थेट काटेसाहेबांच्या दारात. "खरं सांगा. काय आहे टाकीत?"

"काही नाही, मावशी."

"काही नाही तर बघत काय होतात?"

"अहो, काही नाही हेच तर बघत होतो!"

"लपवताय तुम्ही. ते काही नाही, सगळ्यांसमोर उघडा टाकी. आत्ता!"

त्यांच्या आवाजाने मजल्यामजल्यावरची दारं उघडली. मिरवणूक निघाली ती सेक्रेटरींच्या दाराशी जाऊन थांबली. सेक्रेटरींनी नियम सांगून पाहिले, पण मावशींपुढे नियम म्हणजे काय! गच्चीचं कुलूप निघालं. पायांचे दणके देत, एकमेकांना ढकलत सगळे टाकीभोवती गोळा झाले. जोड नीट बसवायला पुन्हा आलेल्या प्लंबरने झाकण उचललं. सगळ्यांनी एकदम डोकी आत घातली.

पाणी गदगदा हलत होतं.

"ते बघा! काहीतरी वळवळलं!"

"कुठे, कुठे?"

"तुमच्या धक्क्याने हललं ते!"

"धक्का मी नाही दिला, तुम्ही दिला!"

आणि भांडण पेटणार एवढ्यात काटेसाहेबांच्या छातीतून तो आवाज निघाला, ज्याने आजवर हजारो ट्रक जागच्या जागी थांबवले होते.

"कोणी हलायचं नाही!"

गच्ची जागच्या जागी गोठली. मावशींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "खाली बसा सगळे. टाकीच्या कठड्याला टेकू नका. श्वास हळू. आता बघा, काय आहे ते तुमचं तुम्हाला दिसेल."

लोक बसले. का बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पाणी थरथरलं, मागेपुढे झालं, एका कडेने थांबत आलं, मग मधून थांबलं. आधी त्यात ढग दिसला. मग टाकीभोवतीची डोकी एकेक करून उमटत गेली, उलटी, कडेने, गोल. प्लंबर होता, काखेत पाना घेऊन. मावशी होत्या. त्यांना लागून नेमके सेक्रेटरी, दोघांच्या कपाळांना कपाळ टेकल्यासारखं दिसत होतं. एक पक्षी त्या सगळ्यांच्या खालून उडत गेला.

साप नव्हता, कबूतर नव्हतं. जे दिसत होतं ते रोजच जिन्यात दिसायचं, पण तेव्हा कोणी पाहत नव्हतं.

"मी एवढी म्हातारी झाले?" मावशी कुजबुजल्या.

"सगळेच झालो," सेक्रेटरी म्हणाले. ते पाण्यातल्या मावशींशी बोलले, आणि पाण्यातल्या मावशींनी मान हलवली. मग मावशीच म्हणाल्या, "तुमची बायको होती तेव्हा तुम्ही दोघं इथे बसायचात ना संध्याकाळी? मला वरून आवाज यायचा."

सेक्रेटरींनी मान आणखी खाली घातली. पण ते उठून गेले नाहीत.

काटेसाहेबांच्या अंगावर काटा आला. मधला पांढरा भाग! तिथे रिकामं आकाश काढायला ते धडपडत होते, आणि हे बघा तिथे काय येऊन बसलंय! हा क्षण गेला तर ही माणसं पुन्हा या जन्मात एका जागी अशी बसणार नाहीत. मान न हलवता, ओठांच्या कोपऱ्यातून ते बायकोला म्हणाले, "अगं, माझी पेटी."

तिने काही विचारलं नाही. चपला काढल्या, अनवाणी, मांजरीसारखी जिना उतरून गेली आणि रंग, ब्रश, कडा रंगवलेला कागद घेऊन तशीच वर आली. वाटीत पाणी घेताना टाकीत खळबळ नको म्हणून तिने वाटी आधीच अर्धी भरून आणली होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांच्यासाठी पुष्कळ केलं होतं, पण असं न बोलता कधीच नाही. मग ती त्यांच्या खांद्याशी बसली.

काटेसाहेब रंगवायला लागले. काय हात चालला हो त्यांचा! पाय हलेना, मान हलेना, फक्त ब्रश. प्लंबर झाला, ढग झाला, बायको झाली, त्यांचं स्वतःचं डोकंही झालं. मावशी आल्या, उघड्या तोंडासकट. आपलं चित्र निघतंय हे कळल्यावर लोक आणखीच गप्प झाले. एकाला शिंक आली ती त्याने नाक दाबून आतल्या आत मारून टाकली. डावी बाजू पूर्ण झाली. उजवा कोपरा तेवढा राहिला, आणि त्या कोपऱ्यात सेक्रेटरी.

तेवढ्यात खाली गुरगुर झाली. पाण्याची वेळ झाली होती आणि वरचं काहीच माहीत नसलेल्या वॉचमनने मोटर लावली होती. पाइप थरथरला. नळाच्या तोंडाशी एक थेंब जमला, मोठा झाला. आता धार कोसळणार आणि सगळी माणसं फुटून जाणार! काटेसाहेबांचा ब्रश हवेत तसाच राहिला.

सेक्रेटरींनी शर्टाची बाही वर केली नाही. तेवढा वेळ नव्हता. त्यांनी इस्त्रीचा हात सावकाश, अगदी सावकाश टाकीत नेला, एक तरंग उठू दिला नाही, आणि गोळा खालून अलगद वर उचलून धरला. थेंब नळाच्या तोंडाशीच राहिला.

खाली मोटर पाणी ढकलत होती. पाइप फुगत होता. जोड कोणाच्या दाराशी आहे हे गच्चीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. प्लंबरने न राहवून तोंड उघडलं, "साहेब, परत फुटेल हां तो. तुमच्याच घरात जाईल पाणी."

"जाऊ दे," सेक्रेटरी पाण्यावरची नजर न काढता म्हणाले. "तुम्ही करा सावकाश, काटेसाहेब. मी धरलंय."